दगडाचं घर पाडायच्या आधी भिंत उघडून बघा

आमच्याकडं, म्हणजे लातूर-धाराशिव पट्ट्यात, दगडाच्या घराचं नाव काढलं की बोलणं लगेच किल्लारीवर जातं, आणि जाणारच. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तिथं जो भूकंप झाला तो ज्यांनी बघितला त्यांना दगडी भिंतीच्या आडोशाला झोप लागत नसेल तर त्यांचं काही चुकत नाही. आदल्या रात्रीच गणपती बुडवले होते, लोक दमून झोपलेले, ८ हजाराच्या आसपास माणसं गेली, ५२ गावं उठवून नवीन जागेवर वसवावी लागली. तेव्हापासून आमच्या भागात एक समज पक्का बसलाय की दगडानं माणसं मारली. मला हे पटत नाही, आणि आमच्याच घराची भिंत उघडून बघितल्यापासून तर अजिबात पटत नाही. दगड एकमेकांना बांधलेलेच नव्हते आणि डोक्यावर टनावारी माती होती, माणसं त्यानं गेली. गावाकडचं घर पाडायचं का ठेवायचं अशा पेचात बरेच जण आहेत हे मला माहितीय, म्हणून आमच्या घराची दुरुस्ती कशी झाली ते सगळं लिहितोय.

घर औसा तालुक्यात, तेरणेपासून थोड्या अंतरावर. चिरेबंदी वाडा वगैरे नाही, शेतकऱ्याचं खणाचं घर. पुढं ढेळज (दारातली बसायची जागा), मधी चौक, ओसरी, दोन्ही अंगाला माळवदाच्या, म्हणजे लाकडावर माती टाकलेल्या सपाट छताच्या, खोल्या आणि मागं एक लांब खोली जिच्यात पूर्वी कडबा आणि अवजारं असायची. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो सगळ्यांना आठवत असेल, त्या पावसात ह्या मागच्या खोलीच्या भिंतीला बाहेरच्या बाजूनं पोट सुटलं. ओळंबा सोडून बघितला तर मधल्या भागात भिंत चांगली चार बोटं बाहेर आलेली. ओळखीच्या एका इंजिनियरला दाखवलं, त्यानं गाडीतून उतरून एक चक्कर मारली आणि म्हणला पाडून टाका, सगळंच पाडा, स्लॅबचं घ्या. भाऊबंदांचंही तेच म्हणणं. आण्णा (आमचे वडील) मात्र म्हणले की आधी बघा तरी भिंतीला नेमकं झालंय काय, मग काय ते ठरवा.

मग आम्ही लातूरचे एक वयस्क इंजिनियर गाठले, ज्यांनी भूकंपानंतरच्या पुनर्वसनाच्या कार्यक्रमात दुरुस्ती-मजबुतीकरणाचं काम केलेलं होतं. हे बऱ्याच लोकांना माहितीच नाही, की त्या कार्यक्रमात नुसती नवीन गावं बांधली नाहीत, जिथं घरं पडली नाहीत पण तडकली तिथं आहे तीच घरं मजबूत करायचंही मोठं काम झालं होतं, आणि त्यासाठी साध्या गवंड्याला जमतील अशा पद्धती बसवल्या होत्या. काकांनी (आम्ही त्यांना काकाच म्हणायला लागलो नंतर) आल्या आल्या पहिला प्रश्न विचारला, घर कधीचं आहे, आणि सगळं एकदमच बांधलंय का तुकड्यातुकड्यानं? हा प्रश्न मला तेव्हा बिनकामाचा वाटला होता पण पुढं सगळं त्यावरच आलं.

तर घराचा इतिहास शोधायला बसलो. ट्रंकेत एक खरेदीखत होतं, निजामाच्या काळातलं, स्टॅम्पवर उर्दू, आणि वर्ष फसली सनातलं. गावातल्या एका निवृत्त मौलवीसाहेबांनी वाचून दाखवलं. आमच्याकडच्या जुन्या कागदावर फसली सन दिसला की त्यात ५९० मिळवायचे म्हणजे अंदाजानं इसवी सन निघतो, तसं काढलं तर १९२० च्या दशकातलं निघालं. किंमत हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या चलनात. आणि कागदात लिहिलेलं वर्णन फक्त पुढच्या भागाचं, ढेळज, ओसरी आणि दोन खोल्या, चतुःसीमेत मागं "उकिरड्याची मोकळी जागा". म्हणजे मागची खोली नंतरची. चुलत आजीला विचारलं तर ती लगेच म्हणली, "ती खोली दुष्काळाच्या साली बांधली की, बहात्तरला. खडी फोडायच्या कामावरनं संध्याकाळी आल्यावर तुझा आज्जा आन वडाराची दोन पोरं रचायची." म्हणजे १९७२ चा दुष्काळ, हाताला काम नाही, पैसा नाही, दगड मात्र शेतात पडलेला.

प्लास्टर काढल्यावर हे सगळं भिंतीत डोळ्यानं दिसलं. भूकंपानंतर पूर्ण घराला बाहेरून सिमेंटचं प्लास्टर मारलेलं होतं, सगळ्यांनीच मारलं होतं, तडा झाकायचा सोपा मार्ग. हातोडीनं ठोकत गेलो तर मागच्या भिंतीवर जवळपास सगळीकडं पोकळ आवाज. पहार लावली तर फरशीएवढे तुकडे निघून खाली पडले आणि आतली माती अजून ओली होती, पाऊस जाऊन किती दिवस झाले तरी ओली. काकांनी सांगितलं की मातीच्या गाऱ्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर मारलं की वरून माळवदातून आणि खालून जमिनीतून आत गेलेलं पाणी बाहेर निघायला वाट राहत नाही, आतला गारा वर्षानुवर्षं भिजत राहतो, त्याची पकड जाते, आणि वरून प्लास्टर असल्यामुळं भिंत फुगतेय हे दिसतही नाही. हा एक मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण गावात अजून रोज कुणीतरी दगडी भिंतीला सिमेंट थापायला लागलंय.

आता दगडाबद्दल. पुढच्या भागाची भिंत जोत्यापासून कंबरेएवढी घडीव काळ्या दगडाची, छन्नीच्या रेघा अजून स्पष्ट आहेत, कोपऱ्यात लांब दगड एकदा ह्या भिंतीत एकदा त्या भिंतीत असे आलटून पालटून बसवलेले. त्याच्या वर ओबडधोबड पण सपाट पाठीचे दगड. मागच्या खोलीला मात्र सगळे गोटे. आमचा सगळा भाग काळ्या पाषाणाचा, आणि हा पाषाण जमिनीखाली कुजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात, शेवटी मधी गोल गरगरीत गड्डा उरतो. नांगरताना फाळाला लागतो तो हाच. शेतकरी पिढ्यानपिढ्या हे गोटे उचलून बांधावर टाकत आलाय, शिवाय तेरणेच्या पात्रातले झिजलेले गोटे वेगळेच. फुकटचा माल, म्हणून गरिबाची भिंत गोट्याची. पण गोलावर गोल बसत नाही, खाली चिपा (दगडाच्या बारीक कपच्या) सारून तो कसाबसा थांबवलेला असतो, आणि चिपा धरून ठेवणारी असती ती माती.

गवंडी मामांनी, जे जन्मभर दगडातच काम करत आलेत, फुगलेल्या जागेतला एक गोटा पहारीनं अलगद हलवून काढला आणि मला म्हणले, "हात घाला की मालक." मी हात घातला. कोपरापर्यंत आत गेला. आतल्या बाजूचा दगड बोटाला लागला नाही. आत ओला चिखल, चिपा, उंदरांनी ओढून नेलेलं काड, जोंधळ्याचा भुसा, खापराचे तुकडे. मामा म्हणले, "ही एक भिंत न्हाई, ह्या दोन भिंती हायेत. बाहेरची येगळी, आतली येगळी, मधी निस्ता गाळ हाय."

सगळी गोष्ट ह्या एका वाक्यात आहे. आमच्याकडच्या भिंती दोन-अडीच फूट, काही तर तीन फुटाच्याही वर जाड असतात आणि लोकांना वाटतं जाड म्हणजे मजबूत. प्रत्यक्षात गवंडी बाहेरून एक थर रचतो, आतून एक थर रचतो, दोन्हीचं चांगलं तोंड दिसायच्या बाजूला, आणि मधल्या पोकळीत जे हाताला येईल ते भरतो. जितकी जाड भिंत तितकी मधली पोकळी मोठी. घर हललं की दोन्ही थर वेगवेगळे हलतात, बाहेरचा बाहेर पडतो, आतला झोपलेल्या माणसावर. किल्लारीत हेच झालं. भूकंप तसा ६.२ च्या आसपासचा, पण जमिनीखाली फार खोल नव्हता आणि घरं अशी. आपला भाग तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता, १९९२ च्या शेवटी किल्लारीत जमिनीतून आवाज येत होते, हादरे बसत होते, तरी बांधकामाची रीत बदलायची कुणाला सुचणार. २००२ च्या नकाशात हा भाग झोन ३ मध्ये आणला.

ह्यावर उपाय काही फार मोठा नाही, तो म्हणजे आरपार दगड. भिंतीच्या ह्या तोंडापासून त्या तोंडापर्यंत जाणारा एक लांब दगड, जो दोन्ही थरांना एकत्र धरतो. भारतीय मानक १३८२८, जे १९९३ मध्येच निघालं, त्यात सांगितलंय की उंचीला दर ६०० मिलिमीटरला आणि आडवं जास्तीत जास्त १.२ मीटरवर एक आरपार दगड पाहिजे, आणि अशा दगडी भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरच्या वर जाऊ नये. म्हणजे दीड फूट. ऐकून गावात कुणाचा विश्वास बसत नाही की दीड फुटाची बांधलेली भिंत तीन फुटाच्या भिंतीपेक्षा भक्कम असती. आमच्या १९२० च्या भागात मामांना असे आरपार दगड सापडले, सगळीकडं नाहीत पण आहेत, कोपऱ्यात आणि दाराच्या दोन्ही अंगाला तर हटकून. १९७२ च्या खोलीत एकही नाही. आजोबांना दोष देत नाही मी, लांब दगड घडवून घ्यायला वडाराला पैसे लागतात आणि त्या साली घरात जोंधळा नव्हता.

शिवाय दुसरा फरक लाकडाचा. पुढच्या खोल्यांत तुळया लाकडी खांबांवर आहेत, खांब तळखड्यावर (खालच्या बैठकीच्या दगडावर) उभे, भिंतीला लागून पण भिंतीच्या जिवावर नाहीत. मागच्या खोलीत तुळई सरळ भिंतीवर टेकवलेली, कारण पुन्हा तेच, खांबाला सागवान आणायचं कुठून. १९९३ ला मागच्या खोलीच्या बाहेरच्या थराचा एक भाग परसात कोसळला होता, माणूस कुणी नव्हतं तिथं, आणि पुढच्या भागाला नुसत्या तडा गेल्या. आण्णा इतकी वर्षं म्हणायचे देवाची कृपा. कृपा असंलच, पण खांब पण होते. किल्लारीच्या भागातसुद्धा खांबाच्या घरात भिंती पडल्या तरी माळवद खांबावर तोललेलं राहिलं अशी उदाहरणं बघितलेले लोक अजून आहेत.

कामाला सुरुवात भिंतीपासून नाही, छतापासून केली. माळवदावर दरवर्षी मिरगाच्या आधी पांढरी माती टाकायची पद्धत, गळतं म्हणून अजून टाकायची, आणि जुनी काढायची नाही. खणून बघितलं तर दोन फूट थर. हिशोब करून बघा, दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे दोन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), म्हणजे नऊ टनाच्या आसपास वजन, कोरडी असताना, पावसात अजून जास्त. आधी आतून तुळयांखाली लोखंडी जॅक लावले, मग माती दोन्ही बाजूनं सारखी सारखी काढत गेलो, एका बाजूची सगळी काढली तर तोल जाऊन भिंत ढकलली जाती म्हणून. फळ्या उघड्या पडल्या तेव्हा कळलं की मागच्या तुळईचं भिंतीत गेलेलं टोक वाळवीनं खाऊन नुसतं भुसकट झालंय. ती बदलली, मागच्या खोलीत दोन नवीन खांब दिले, खांब आणि तुळईच्या काटकोनात तिरक्या पट्ट्या मारल्या. मग फळ्यांवर जाड प्लास्टिकचा कागद आणि वर परत पांढरी माती पण फक्त पाऊण फूट, चांगली कुटून, पन्हाळाकडं नीट उतार देऊन. सवणं (उजेडासाठी छतात ठेवलेलं भोक) होतं तसंच ठेवलं, त्याच्या कडेला मात्र वीटकाम केलं. उरलेली माती ट्रॅक्टरनं शेतात नेऊन टाकली, शेताला चांगलीच असती ती.

मग फुगलेली भिंत. सगळी एकदम उतरवली नाही, एक-एक मीटरचे पट्टे, एक सोडून एक. खालचा भाग पायापर्यंत बघितला, पाया मुरमावर होता म्हणून वाचलो, काळ्या मातीवर असता तर गोष्ट वेगळी झाली असती, काळी उन्हाळ्यात फाटती आणि पावसाळ्यात फुगती. परत रचताना मामांची आणि काकांची बरीच वादावादी झाली, आणि त्यात शिकायला लई मिळालं. मामांना सवय दगडाचं रुंद तोंड बाहेर दाखवायची, भिंत देखणी दिसती. काकांचं म्हणणं, दगडाची लांबी भिंतीच्या आत गेली पाहिजे, बाहेर तोंड लहान दिसलं तरी चालंल. शेवटी मामांनी सगळे गोटे दोन ढिगात लावले, लांबट एकीकडं आणि गोल एकीकडं, गोल सुतकीनं (दगड फोडायच्या हातोड्यानं) फोडून त्यांना एक तरी सपाट बाजू काढली, आणि आरपार जाणाऱ्या दगडासाठी जुन्या गोठ्याच्या उंबऱ्याचे, पडलेल्या जात्याच्या ओट्याचे लांब दगड शोधून आणले. भिंत दीड फुटाची केली. मधी भराव नाहीच, दोन्ही बाजूचे दगड एकमेकांच्या पोटात शिरलेले. खोली आतून फूटभर मोठी झाली हा वरचा फायदा.

जी भिंत सरळ होती ती उतरवली नाही, तिला आतून टाके घातले. ही पद्धत मला सगळ्यात आवडली. बाहेरून एक दगड काढायचा, पहारीच्या टोकानं हळूहळू आतली माती आणि चिपा उकरत दुसऱ्या बाजूला निघायचं, घण अजिबात मारायचा नाही, ड्रिल पण नाही, नाहीतर शेजारचे दगड सैल होतात. भोक मधी तीन इंचाचं, दोन्ही तोंडाशी रुंद. त्यात दोन्ही टोकं वाकवलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवायची आणि काँक्रीट ठासून भरायचं. उभं-आडवं साधारण मीटरभर अंतरावर, वरच्या ओळीतलं खालच्या दोघांच्या मधी येईल असं. मग निदान दहा दिवस पाणी मारायचं, हे पाणी मारायचं काम घरच्या माणसानंच करावं, मजूर दुसऱ्या दिवशी विसरतात. वाळल्यावर तो काँक्रीटचा आरपार दगडच झाला की. शेवटी दाराच्या वरच्या पातळीला घराला चारी बाजूनं, आतून आणि बाहेरून, वेल्डेड जाळीचा पट्टा मारला, दोन्ही जाळ्या सळईनं एकमेकीला बांधल्या, कोपऱ्यात उभ्या पट्ट्या, आणि त्यावर एकास तीनचा (एक सिमेंट, तीन वाळू) जाड माल. तेवढ्याच पट्ट्याला सिमेंट, बाकी भिंतीला परत प्लास्टर केलंच नाही. दरजा चुना-वाळूत भरल्या आणि दगड उघडा ठेवला.

लोक अजून येऊन विचारतात, दगड उघडा कसा ठेवला, पाणी मुरंल की. त्यांना मी नळदुर्गचा किल्ला सांगतो. बोरी नदीवर आदिलशाहीत बांधलेला बंधारा, पाणी महाल त्याच्या पोटात, ४०० वर्षं पावसाळ्यात नदी अंगावरून वाहती, आपण सगळे ते बघायला गाड्या काढून जातो. दगड आपलाच आहे, काळाच, प्लास्टर नाही काही नाही. घडीव आहे, चुन्यात आहे आणि एकमेकांत गुंतवलेला आहे.

खर्चाचं सगळे विचारतात म्हणून सांगतो, तेवढ्याच जागेवर स्लॅबचं घर बांधायचा जो अंदाज काढला होता त्याच्या निम्म्याहून कमीत झालं, त्यातही जास्त पैसा मजुरीत गेला, माल थोडाच लागला. वेळ मात्र लागतो, आणि खरी अडचण माणसं मिळायची आहे, मामांच्या हाताखाली शिकायला त्यांची स्वतःची पोरं पण तयार नाहीत, ती पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर आहेत. ज्यांना करायचं असेल त्यांनी एवढं करा, दिवाळीनंतर काम काढा म्हणजे पावसाच्या आत छत झाकून होतं, आणि इंजिनियर गाठताना आधी विचारा की दगड-मातीच्या घराची दुरुस्ती केलीय का, नसेल केली तर तो पाडाच म्हणणार. घरात झोपलेलं असताना कुठली भिंत उघडू नका, तेवढे दिवस बिऱ्हाड हलवा.

माझ्या चुलत भावाचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून आहे, पाडायला सगळ्यात पुढं तोच होता. परवा त्यानं त्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर हातोडी ठोकून बघितली आणि मला फोन करून आवाज ऐकवला. पोकळच आहे. मामांना विचारलंय, ते पोळ्यानंतर येऊन बघतो म्हणलेत, तोपर्यंत त्याला माळवदावरची माती निम्मी उतरवायला लावलीय आणि खालून जॅक दिलेत.